गवती चहाच्या तेलाची बुरशीवर चाचणी: खरी मेख तेल मिसळण्यात

चिरलेली पानं पाण्यात घालून क्लेव्हेंजर उपकरणात (वाफेबरोबर निघणारं तेल वेगळं जमवणारं काचेचं उपकरण) तीन तास उकळा, वर जमलेलं तेल निर्जल सोडियम सल्फेटवर कोरडं करा, तपकिरी बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा.

जीसी-एमएसच्या (तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राच्या) अहवालात ‘सिट्रल’ नावाचं एकच शिखर शोधत बसू नका. सिट्रल म्हणजे नेराल आणि जेरानियल हे दोन समघटक. डीबी-5 कॉलमवर (यंत्रातली घटक वेगळे करणारी बारीक नळी) आधी नेराल बाहेर पडतं, मागून जेरानियल. चांगल्या तेलात दोघांची बेरीज साधारण 65 ते 85 टक्के भरते, शिवाय मिर्सीन हा घटकही बहुधा असतो. टर्पिनांचे, म्हणजे अशा सुवासिक तेलातल्या घटकांचे, मास स्पेक्ट्रम एकमेकांसारखे दिसतात, म्हणून यंत्रात साठवलेल्या स्पेक्ट्रमांच्या नुसत्या लायब्ररीवर विसंबू नका. त्याच कॉलमवर अल्केन मालिका चालवून रिटेन्शन इंडेक्स (घटक बाहेर पडायच्या वेळेचा, अल्केनांच्या तुलनेतला आकडा) काढा.

आता चाचणी. तेल लावलेल्या कागदी चकतीभोवतीचं, बुरशी न वाढलेलं वर्तुळ मोजायचा सल्ला सर्रास मिळतो. तो सरळ सोडून द्या. तेल ओल्या आगरमधून (बुरशी वाढवायचं जेलीसारखं माध्यम) धड पसरत नाही आणि उडूनही जातं. वर्तुळ लहान आलं म्हणजे तेल कमजोर, असं ठरत नाही. तेल माध्यमातच मिसळा.

इथेच बहुतेकांचं बिघडतं. 100 मिली पीडीए (बटाटा आणि डेक्स्ट्रोज घातलेलं आगर) ऑटोक्लेव्ह करून 45 ते 48 अंशांवर आणा. गरम असेल तर तेल उडतं, 40 च्या खाली गेलं की आगर धरायला लागतो. 0.5 मायक्रोलिटर प्रति मिलीसाठी 50 मायक्रोलिटर तेल लागेल. ते आधी काचेच्या नळीत 0.5 मिली ट्वीन 80 बरोबर (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घुसळा. शुद्ध तेल पॉलिस्टायरीनला खातं, प्लास्टिक नको. मग आगरमध्ये ओता, फेस न आणता फिरवा, लगेच प्लेटा भरा. पृष्ठभागावर तेलाचे डोळे दिसले तर ती खेप फेका, आकडे वाचवायच्या फंदात पडू नका. कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेच्या प्लेटांमध्ये, ट्वीन तेवढंच हवं, तेल नाही. साध्या पीडीएशी तुलना करणं म्हणजे ट्वीनचा परिणाम तेलाच्या खात्यावर मांडणं.

कांद्यावरची काळी बुरशी, अ‍ॅस्परजिलस नायजर, घेतलीत तर कोवळ्या वाढीच्या कडेचा 5 मिमी तुकडा उलटा ठेवा. मधला काळा भाग घेतला की बीजाणू उडून प्लेटभर ठिपके उगवतात. प्लेटा पॅराफिल्मने बंद करा. कंट्रोल वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर तेलाची वाफ त्यालाही दाबते आणि फरक दिसतच नाही.

28 अंशांवर कंट्रोलची वाढ प्लेटच्या कडेला भिडण्याआधी मोजा. कंट्रोल आणि चाचणी, दोन्हींच्या वाढीच्या व्यासांतून तुकड्याचे 5 मिमी वजा करा. कंट्रोलमधून चाचणीची वाढ वजा करून कंट्रोलने भागा, 100 ने गुणा: वाढ किती टक्के रोखली ते मिळतं. वाढच नाही तिथला तुकडा ताज्या पीडीएवर टाका: उगवला तर तेलाने बुरशी फक्त थोपवली, नाही उगवला तर मारली.