एआरटीची गोळी रोज, न चुकता

टीएलडी म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराची (एआरटीची) गोळी. ती मी रात्री नऊला, जेवण उरकलं की घेते. तुमची वेळ तुम्ही ठरवा, पण रोज तीच. चुकली तर आठवताच घ्या. दुसऱ्या दिवशी एकदम दोन नकोत.

ॲसिडिटीवरचं जेल मात्र सांभाळा. त्यानं गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर हे औषध नीट अंगी लागत नाही. गोळी जेलच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यायची. सासूबाई जेवल्या जेवल्या जेलची बाटली पुढे करतात; त्यांना कारण कसं सांगणार? ‘आत्ता नको, झोपताना बघू’ म्हणते आणि जेल दुसऱ्या दिवशी दुपारी घेते.

लग्नाला गावी जाताना दोन-चार जादा गोळ्या पर्समध्ये असू द्या. एआरटी केंद्रात उरलेल्या गोळ्यांसकट डबी न्या, तिथे मोजतात. व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातला विषाणू मोजायच्या तपासणीची, तारीख चुकवू नका. अडलं तर एड्स हेल्पलाइन 1097, फोन मोफत.