बांगाई कार्डिनल पाळायचा तर आधी त्याला खायला लावा

बांगाई कार्डिनल हा समुद्री शोभेचा मासा. टाकी सायकल झालेली आहे, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तिच्यात रुजून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आहेत, हे धरूनच लिहितो. एका जोडीला साधारण 120 लिटरची टाकी, तापमान 25-26 अंश, घनता 1.025, आणि मागे दडायला जागा राहील अशी दगडांची मांडणी. दोन नर एका छोट्या टाकीत ठेवू नका, एक दुसऱ्याला मारतो.

बडोद्यात हमखास ऐकू येणारा सल्ला म्हणजे, "समुद्र जवळच आहे, कॅन भरून आणा." अजिबात आणू नका, खंभातच्या आखाताचं पाणी गाळाने गढूळ असतं. आरओच्या (फिल्टरने क्षार काढलेल्या) पाण्यात समुद्री मीठ कालवा. रावपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत घर असेल तर टाकी जाड भिंतींच्या खालच्या खोलीत ठेवा, गच्चीखाली नको. मे महिन्याच्या कोरड्या हवेत टाकीवर पंखा सोडला की पाणी दोन-तीन अंशांनी थंड होतं. पण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. पावसाळी दमट हवेत पंखा निरुपयोगी, तेव्हा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा एसी.

मासा घेताना तो फार्मवर वाढवलेला आहे का, हे विचारा. हा मासा मूळचा इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांचा. शोभेसाठी इतका पकडला गेला की 2007 पासून तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. दुकानदाराला समोर खाऊ घालायला सांगा. जो खात नाही तो घेऊ नका, कितीही देखणा असो.

आता खरी अडचण. मलाही सर्वांत जास्त झगडावं लागलं ते इथेच. नवा कार्डिनल दगडाआड तरंगत राहतो आणि समोरून गेलेल्या खाण्याकडे बघतही नाही. "भूक लागली की फ्लेक्स (कोरडं, पापुद्र्यांचं तयार खाणं) खाईल" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. हा मासा समोरून वाहत जाणारे, हलणारे जीव टिपतो. न हलणारा तुकडा त्याच्या लेखी खाणंच नव्हे, आणि तळाशी बसलेलं तर तो बहुधा उचलतच नाही. वाट बघत बसलात तर पोट खपाटीला जाईल.

म्हणून जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी) हवी, तीही वाढलेली. नुकती उबलेली मोठ्या माशाला फार बारीक पडते. वाढायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा अंडी मासा आणण्याआधीच उबवायला घाला. पहिल्या दिवशी दिवे बंद ठेवा, काही देऊ नका. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी, उजेड मंद करून, थोडी थोडी आर्टेमिया प्रवाहात सोडा. ती तो नियमाने टिपायला लागला की त्यातच वितळवलेली फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव) मिसळा, तीही ड्रॉपरने प्रवाहातच, म्हणजे मेलेलं खाणंही जिवंतासारखं हलतं. दर दोन दिवसांनी मायसिस वाढवा, आर्टेमिया कमी करा. तो थुंकू लागला तर एक पायरी मागे या, उपाशी ठेवून हट्ट करू नका. आर्टेमियावरच थांबूही नका, तिच्यात पोषण कमी. उरलेलं त्याच रात्री सायफनने काढा.

हे सगळं वेगळ्या क्वारंटाइन टाकीत करा. खाता मासा अचानक खायचं सोडून काळवंडला आणि धापा टाकू लागला तर विषाणूची शंका घ्या. जंगली बांगाईंमध्ये इरिडोव्हायरस आढळतो आणि त्यावर औषध नाही.

पण अन्न नाकारणारा प्रत्येक मासा आजारी नसतो. हनुवटी फुगलेली दिसली तर नराच्या तोंडात अंडी आहेत. अंडी आणि मग पिल्लं मिळून तो जवळजवळ महिनाभर तोंडात सांभाळतो आणि तेवढे दिवस उपाशी राहतो. त्याला जाळीने पकडू नका, घाबरला तर अंडी थुंकतो. त्याआधीच्या काळात त्याला भरपूर मायसिस मिळालेली असली पाहिजे.

पिल्लं बाहेर आली की वेगळी करा, मोठे मासे त्यांना खातात. त्यांना नुकती उबलेली आर्टेमिया पहिल्या दिवसापासून चालते, मात्र उबल्यावर बारा-एक तासांनी ती फॅटी अ‍ॅसिडच्या द्रावणात ठेवून मगच द्या. साध्या आर्टेमियावर वाढलेली पिल्लं दिवा लागला तरी दचकून आडवी पडतात आणि मरतात.