घर विकताना दोषांची यादी संचकारपत्रालाच (विसाराच्या करारालाच) जोडा

विक्रीनंतर ‘हे आम्हाला सांगितलंच नव्हतं’ अशी तक्रार आली, तर तोंडी सांगितल्याचा पुरावा विकणाऱ्याकडे नसतो.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं बंधनकारक आहे. घराचा असो वा मालकीहक्काचा. दडवला तर ती फसवणूक मानली जाते.

1. कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून बोजा प्रमाणपत्र (ईसी) काढा. त्यात फक्त नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. बहिणीचा न सुटलेला वाटा, कोर्टातला दावा, नोंदणी न झालेला घरगुती वाटणीचा कागद त्यात सापडणार नाही, आणि भांडणं नेमकी यावरूनच होतात. म्हणून हे आधी लिहा.

2. मग घराचे दोष: रंगाखाली झाकलेली ओल, गच्चीची गळती, शेजाऱ्याशी सामाईक भिंत, दुसऱ्याच्या जागेतून जाणारं गटार. ‘थोडी ओल’ नको. ‘स्वयंपाकघराची उत्तर भिंत, पावसाळ्यात ओल’ असं लिहा.

3. घरपट्टी, पाणीपट्टीची बाकी आणि बँकेचं कर्ज आकड्यासह. विक्रीच्या तारखेपर्यंतची पट्टी, वेगळं ठरलं नसेल तर, विकणाऱ्यानेच भरायची असते.

4. दोन प्रती, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या आणि तारीख. विसार घेण्याआधीच.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे खरेदीपत्र बहुधा कन्नडमध्ये होतं. यादी मराठीत असेल तर तिचा कन्नड मजकूरही जोडा आणि सहीआधी दोन्ही वाचून घ्या.

‘आहे त्या स्थितीत विक्री’ एवढ्या एका ओळीवर मात्र विसंबू नका. माहीत असलेला दोष लपवला असेल, तर ती ओळ वाचवेलच असं नाही.