कथानक फसलेला थरारपट अभिनयासाठी कसा पाहावा

थरारपटाचा शेवट पटला नाही की आपण सगळा चित्रपटच निकालात काढतो, आणि त्यात कलावंतांनी केलेले मोलाचे कामही नजरेआड होते. असा चित्रपट पुन्हा कसा पाहावा, हे रीमा कागती यांच्या 2012 सालच्या ‘तलाश’च्या आधारे सांगतो. त्यासाठी शेवट उघड करावा लागणार आहे; तेव्हा ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांनी आधी पाहून घ्यावा.

प्रथम दोष नेमका कुठे आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे. मुंबईत समुद्रालगतच्या रस्त्यावरून रात्री जाणारी एका नटाची गाडी अचानक वळून पाण्यात कोसळते आणि इन्स्पेक्टर सुर्जनसिंह शेखावत पोलिसी रीतीने तपास सुरू करतो. मात्र कोडे सुटते ते तपासात त्याला मदत करणारी वेश्या रोझी (करीना कपूर) हयात नसून भूत आहे, या खुलाशाने. प्रेक्षक इतका वेळ जे दुवे जुळवत असतो, त्यांचे मोल त्यामुळे उरत नाही. हा दोष खरा आहे, आणि अभिनयाची स्तुती करताना तो झाकू नये.

दुसऱ्यांदा पाहताना रहस्याचे ओझे नसते. आता बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष द्यावे. सुर्जन (आमिर खान) आणि रोशनी (राणी मुखर्जी) यांचा मुलगा बुडून गेला आहे. त्याचा मृत्यू सुर्जनला झोपू देत नाही, तर रोशनी शेजारच्या, मृतात्म्यांशी संवाद साधणाऱ्या फ्रेनीमार्फत मुलाशी बोलू पाहते. नवराबायकोतला एखादा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहावा. पार्श्वसंगीत आणि संवाद दोन्ही काढून घेतल्यावरही त्या घरातले दुःख आपल्यापर्यंत पोचत असेल, तर त्याचे श्रेय निःसंशय कलावंतांचे आहे.

त्यानंतर एकच दुय्यम पात्र धरून संपूर्ण चित्रपट पाहावा. येथे ते पात्र म्हणजे नवाझुद्दीन सिद्दिकी यांचा लंगडा तैमूर. त्याच्या पायाकडे बारकाईने पाहावे: ते व्यंग कणव मागण्यासाठी वापरलेले नाही. पैशाची संधी दिसताच त्याची नजर आणि खांदे पुढे झेपावतात, पाय मात्र मागे रेंगाळतो, आणि हा माणूस आपल्या कुवतीबाहेरचा डाव खेळतो आहे हे संवादावाचून कळते. 60व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांना ज्या चार चित्रपटांतील कामासाठी परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, त्यांत ‘तलाश’ही होता.

मुलाचे पत्र वाचून सुर्जन कोसळतो, तो शेवटचा प्रसंग मुद्दाम अखेरीस ठेवावा. मेलेल्या मुलाने पत्र धाडावे हे बुद्धीला पटत नाही. तरीही इतका वेळ आवळून धरलेला तो चेहरा सैल पडताना एकदा नीट, मध्ये न थांबता पाहावा.