मुलांच्या लठ्ठपणावर वस्ती आणि विद्यापीठ एकत्र येतात तेव्हा या चुका टाळा

एका शाळेतल्या तपासणीला मी मदतीला गेले होते. वजनकाट्यापाशी उभी असलेली विद्यार्थिनी खणखणीत आवाजात आकडे सांगत होती आणि दुसरी लिहून घेत होती. "एकेचाळीस पॉइंट दोन!" रांग फिदीफिदी हसली. जिचा आकडा पुकारला, ती मुलगी पुढच्या तपासणीला आलीच नाही. काटा पडद्याआड ठेवा, आकडा फक्त कागदावर उतरवा. एवढं साधं, पण सगळ्यात जास्त चुकतं ते हेच.

मोजल्यावरची चूक म्हणजे मोठ्यांचा तक्ता लावणं. आठ वर्षांच्या मुलाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 22 आला की "पंचविसाच्या आत आहे, छान" म्हणतात. त्या वयात 22 म्हणजे लठ्ठपणा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 2015 चे तक्ते पाच ते अठरा वर्षांसाठी आहेत, ते वापरा. (ज्यांच्या घरात 'सुदृढ बालक' स्पर्धेतलं बक्षीस अजून शोकेसमध्ये आहे, त्यांना हे पटवणं जरा जड जातं.)

तिसरी चूक: जाड मुलं वेगळी काढून त्यांचा वर्ग भरवणं. अमेरिकेत बॉस्टनला खेटून असलेल्या सॉमरव्हिल शहरात टफ्ट्स विद्यापीठाच्या क्रिस्टिना इकॉनॉमोस यांनी 2002 मध्ये 'शेप अप सॉमरव्हिल' हा मुलांच्या लठ्ठपणावरचा प्रकल्प सुरू केला. तिथे पहिली ते तिसरीची सगळीच मुलं धरली होती. बदल मुलांभोवतीच्या गोष्टींत केला: शाळेच्या जेवणात ताजी फळं-भाज्या आल्या, पायी शाळेत येता यावं म्हणून रस्ते सुधारले, हॉटेलांनी छोटे वाढप ठेवले, डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं. पहिलं वर्ष तर फक्त तयारीत गेलं. पालक, शिक्षक, स्वयंपाकघरातले लोक, नगरपालिका, सगळ्यांशी बोलण्यात. छापील प्रश्नावली घेऊन थेट वर्गात शिरणाऱ्या आपल्या प्रकल्पांना हे वर्ष वाया गेल्यासारखं वाटेल.

आणि निकाल? तुलनेच्या दोन गावांपेक्षा, एका शालेय वर्षात, आठ वर्षांच्या मुलाचं वजन साधारण अर्धा किलो कमी वाढलं. इथे बरेच पालक विचारतात, "एवढंच?" हो, एवढंच. मुलांचं वजन उतरवायचं नसतं. उंची वाढत असते, वजनाला तिच्यामागे थोडं रेंगाळू द्यायचं असतं. तीन महिन्यांत 'पाच किलो घटवू' असं फलकावर लिहिणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा.

शेवटी पैसा. अनुदान संपलं की प्राध्यापक पुढच्या विषयाकडे वळतात आणि शाळेच्या कपाटात तक्ते धूळ खातात. सॉमरव्हिलमध्ये समन्वयकाचं काम पुढे शहरानेच आपल्याकडे घेतलं. म्हणून करारावर सही करताना आधी एक ओळ शोधा: अनुदान संपल्यावर समन्वयकाचा पगार कोण देणार?