मायग्रेनवर नीट उपचार कसे मिळवावेत

तीव्र मायग्रेन असलेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं डॉक्टरांकडे जात नाहीत. गेलीच, तर वेदनाशामकाची एक चिठ्ठी आणतात आणि पुढे औषधाच्या दुकानातून तीच गोळी परत परत घेत राहतात. कधी ते पित्त समजलं जातं, कधी सायनस, कधी चष्म्याचा नंबर. मायग्रेन हा मेंदू आणि मज्जातंतूंचा आजार आहे आणि त्यावर खरोखर चांगले उपचार आहेत. ते आपल्यापर्यंत पोचावेत यासाठी काय करायचं, ते इथे क्रमाने सांगते.

पहिलं काम: धोक्याची लक्षणं ओळखा

काही डोकेदुखींसाठी वाट पाहायची नसते. क्षणार्धात, अगदी मिनिटभरात टोकाला पोचलेली भयंकर डोकेदुखी. ताप आणि मान आखडणं. हातापायातली ताकद जाणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. यातलं काहीही असेल तर सरळ रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी आणि नेहमीपेक्षा एकदम वेगळी वाटणारी डोकेदुखीही लवकर दाखवून घ्यावी.

मग वही करा

मायग्रेनचं निदान रक्ततपासणीत होत नाही, स्कॅनमध्येही दिसत नाही. स्कॅन काढतात तो दुसरा आजार नाही ना, हे पाहायला. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही' असं कुणी म्हटलं तर खचू नका. निदान होतं ते तुम्ही काय सांगता त्यावरून, आणि दुखणं उतरल्यावर माणूस निम्मं विसरतो. म्हणून किमान महिनाभर तरी लिहून ठेवा. नोंद साधी असू द्या:

'मंगळवार. पहाटे चारला जाग, डाव्या डोळ्यामागे ठणका. सहाला उलटी. साडेसहाला गोळी, फरक नाही. दुपारपर्यंत अंधाऱ्या खोलीत, पंख्याचा आवाजही नको. रात्री उतरलं. बुधवारी डोकं जड, शब्द सुचेनात. पाळीचा पहिला दिवस.'

एवढ्या ओळींतून डॉक्टरांना खूप काही कळतं. एका बाजूचा ठणका, उलटी, उजेड आणि आवाज न सोसणं ही मायग्रेनची खूण. उपचार न केल्यास मोठ्या माणसाचा अटॅक साधारण 4 ते 72 तास टिकतो, त्यात हे बसतं. गोळी अडीच तास उशिरा, तीही उलटीनंतर घेतली, म्हणून ती लागू पडली नसावी. पाळीशी संबंध असू शकतो. आणि बुधवारचा दिवसही आजारातच गेला, तो कामचुकारपणा नव्हता.

डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा, आंधळा ठिपका किंवा मुंग्या आल्या तर त्या किती मिनिटं टिकल्या तेही लिहा. याला ऑरा म्हणतात आणि तो बहुधा 5 ते 60 मिनिटं असतो. ऑरा असलेल्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलणं फार गरजेचं आहे, कारण दोन्ही मिळून पक्षाघाताचा धोका वाढतो.

एक गोष्ट मात्र सांभाळा. कारण शोधण्याच्या नादात एकेक पदार्थ सोडत जाऊ नका. अटॅकच्या आदल्या काही तासांत जांभया येतात, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. तेव्हा चॉकलेट खाल्लं म्हणून डोकं दुखलं असं वाटतं, पण बऱ्याचदा अटॅक आधीच सुरू झालेला असतो आणि चॉकलेटची इच्छा हा त्याचाच भाग असतो. झोपेच्या वेळा, उपाशी राहणं, पाणी कमी पिणं यांकडे आधी बघा.

डॉक्टरांशी बोलताना

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करायला हरकत नाही. अटॅक वारंवार येत असतील, औषधं लागू पडत नसतील किंवा निदानाबद्दल शंका असेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायला सांगा. 'डोकं खूप दुखतं' एवढ्यावर थांबू नका. महिन्यातले किती दिवस दुखतं, किती दिवस डोकं पूर्ण मोकळं असतं, काय काय बुडतं ते सांगा. 'तीन महिने महिन्याला पंधराहून जास्त दिवस डोकं दुखतंय' हे वाक्य उपचाराची दिशा बदलू शकतं. आधी घेतलेल्या गोळ्यांची नावं, हृदयविकार, रक्तदाब, दमा, गरोदरपणाचा विचार, सगळं न विचारता सांगा.

आणि निघण्यापूर्वी हे विचारून घ्या: अटॅक आला की पहिली गोळी कोणती? आराम पडला नाही तर दुसरी किती वेळाने? महिन्यात जास्तीत जास्त किती दिवस? उत्तरं तिथेच लिहून घ्या, कारण ती वाचायची वेळ येईल तेव्हा डोकं चालत नसेल.

गोळी वेळेवर, पण मोजून

'बघू, थांबेल आपोआप' म्हणत सोसत राहणं मायग्रेनमध्ये महाग पडतं. अटॅकमध्ये जठराचं काम मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही. दुखणं सौम्य असतानाच औषध घ्यावं. नॅप्रोक्सेनसारखी वेदनाशामकं पुरेशी ठरत नसतील तर खास मायग्रेनसाठीची ट्रिप्टान गटातली औषधं असतात, उदाहरणार्थ सुमाट्रिप्टान किंवा रिझाट्रिप्टान. हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांना ती चालत नाहीत. एक ट्रिप्टान लागू पडली नाही तरी दुसरी पडू शकते. उलट्या होत असतील तर उलटीचं औषध आणि नाकातला फवारा किंवा इंजेक्शन यांबद्दल विचारा.

दुसरी बाजू तितकीच खरी. ट्रिप्टान किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या महिन्यातले 10 किंवा जास्त दिवस, किंवा साधी वेदनाशामकं 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते. गोळी बंद केल्यावर आधी काही दिवस त्रास वाढतो, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. यात तुमची चूक नाही. माणूस वेदनेतून सुटायलाच गोळी घेतो.

अटॅक येऊच नयेत म्हणून

महिन्यातले चार किंवा अधिक दिवस मायग्रेनमध्ये जात असतील, किंवा दिवस कमी पण अटॅक मोडून टाकणारे असतील, तर प्रतिबंधक उपचारांबद्दल आपणहून विचारा. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन, कँडेसार्टन यांपैकी काही लिहून दिलं की लोक घाबरतात, 'मला बीपीची गोळी का? नैराश्याची का?' ही औषधं मुळात दुसऱ्या आजारांची असली तरी मायग्रेन रोखायला वापरली जातात. दम्याच्या रुग्णांना प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, गरोदरपणात टोपिरामेट टाळतात. कमी मात्रेपासून सुरू करून ती हळूहळू वाढवतात आणि योग्य मात्रेवर आठ-बारा आठवडे दिल्यावरच ठरवता येतं. दोन आठवड्यांत 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नका. दुष्परिणाम झाले तर मात्र लगेच कळवा.

यांचा उपयोग नसेल तर सीजीआरपी या मायग्रेनच्या वेदनेत भाग घेणाऱ्या रेणूचं काम रोखणारी इंजेक्शनं आहेत. त्यातलं पहिलं, एरेन्युमॅब, 2018 मध्ये मान्य झालं. महिन्याला पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखणाऱ्यांसाठी दर बारा आठवड्यांनी बोटॉक्सही देतात.

पुढच्या भेटीला वही घेऊन जा. मायग्रेनचे दिवस निम्म्यावर आले तर औषध चांगलं लागू पडलं असं मानतात. तसं झालं नसेल तर मात्रा, दुसरं औषध किंवा दुसऱ्या तज्ज्ञाचं मत यांपैकी काय करायचं ते स्पष्ट विचारा. आणि मधल्या काळात एखादा अटॅक 72 तास उलटूनही थांबला नाही, किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर भेटीच्या तारखेची वाट न बघता रुग्णालयात जा. तिथे शिरेतून औषध आणि सलाइन देता येतं.