कृष्णेच्या पाण्यात चालणारी बोटीची मोटर नळाच्या पाण्यानं का धुवायची?

आमच्या सांगलीत समुद्र नाही. त्यामुळे बोटीची मोटर काम झाल्यावर नळाच्या पाण्यानं आतून धुवायची हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला हसूच आलं. कोकणात ठीक आहे. खारं पाणी आत वाळलं की मीठ धरतं, इंजिनाचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट अडकतो, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पण कृष्णेचं पाणी तर आपण पितो!

आमच्या शेडमधल्या मिस्त्रीमामांनी वाद घातला नाही. पुराच्या पाण्यातून आलेल्या एका मोटरीचा इंपेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक, काढून माझ्या तळहातावर ठेवला. रबरी पाकळ्यांच्या कडा पार झिजलेल्या, खाचेत नदीकाठच्या मळीसारखा चिकट गाळ. "मीठ नाही लेका, पण पॉलिश पेपर हाय हा."

सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांना गेलं की इशारा, ४५ला धोका. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. असलं पाणी शेतं, गटारं, गल्ल्या धुऊन येतं आणि मोटर थंड राहायला तेच पिते. बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या वरच्या जाळीतून इंपेलर ते ओढतो, इंजिनाभोवती फिरवतो. त्यातलीच एक बारीक धार बाजूनं बाहेर पडते. मोटर सुरू केली की आधी त्या धारेकडे बघायचं. बाकी सगळं नंतर.

बोट घाटाला बांधलेली असताना धुवायची रीत वेगळी. मोटर पूर्ण वर उचला, जाळी नदीच्या बाहेर आली पाहिजे. बऱ्याच फोर-स्ट्रोक मोटरींना फ्लशिंगचं, म्हणजे आतून धुवायचं, तोंड असतं. नळाचा पाइप तिथं जोडा आणि दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा. इंजिन बंदच ठेवायचं. नवखी पोरं हमखास इथंच चावी फिरवतात. त्या तोंडातून इंपेलरला पाणी पोचेलच असं नाही, आणि कोरडा फिरला तर तो बघता बघता जातो. शेवटी टोपण घट्ट बसवा. ते ढिलं राहिलं तर पुढच्या फेरीला थंडाव्याचं पाणी तिथूनच गळतं आणि मोटर तापते.

बोट काठावर ओढली असेल तर जाळीवर रबरी मफ, म्हणजे नळाचा पाइप जोडलेल्या वाट्या, लावून इंजिन चालवता येतं. पण आधी पाणी, मग इंजिन, गिअर न्यूट्रलला. मी एकदा उलटं केलं. नव्या इंपेलरचे पैसे पगारातून गेले, आणि रागवायला जागाही नव्हती.

पेट्रोल-ऑइलचं मिश्रण, प्लग वगैरे हाताखाली काम करता करता येतं, त्याचं फार टेन्शन घेऊ नका.

पावसाळ्याआधी मोटरी तपासायला काढतो, तेव्हाची गोष्ट. एकीची धारच येईना. पंप गेला म्हणून मी अर्धा दिवस खालचा भाग खोलून बसलो. सगळं ठणठणीत. मामा चहा संपवून आले, धारेच्या भोकात बारीक तार घातली आणि मातीचा एक गोळा बाहेर ओढला. कुंभारमाशीनं शेडमध्ये घर केलं होतं.